घरच्या घरी अण्णा

चालू असलेली वस्तू अण्णांच्या मनात भरत नाही. घरात नवा पंखा बसला की ते खाली उभे राहतात, घटकाभर वर बघतात आणि "हं, ठीक हाय" म्हणून पेपर उघडतात. तोच पंखा चार वर्षांनी कुरकुर करायला लागला की त्यांच्या चेहऱ्यावर तेज येतं. स्टूल येतं, टेस्टर येतो, मेन स्विच पाडायला नातवाला पिटाळलं जातं आणि ऐन एप्रिलात घरादाराला घाम पुसत बसवून अण्णा पंख्याच्या पोटात शिरतात. तासाभरानं पंखा फिरतो. कुरकुर गेलेली असते, टकटक आलेली असते. "टकटक चालती," अण्णा सांगतात, "कुरकुर वाईट."

अण्णा आमच्या अहमदपूरचे. पण असा माणूस नाही अशी गल्ली कुठल्याच गावात नसावी. उदगीरला त्याला तात्या म्हणत असतील, चाकूरला मामा म्हणत असतील. ओळखायची खूण एकच. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली की हा माणूस चप्पल घालायलाही थांबत नाही. "प्लग बघितलाव का?" हा पहिला प्रश्न. समोरचा "हाव" म्हणाला तरी दुसरं वाक्य ठरलेलं: "काढा, मी बघतो."

अण्णांची नोकरी एसटीच्या आगारात झाली. ते वर्कशॉपमध्ये असतील असं कुणालाही वाटतं आणि अण्णाही ते वाटू देतात. प्रत्यक्षात ते हिशेबाच्या टेबलावर होते. कंडक्टरनं आणलेली रोकड आणि वेबिल यांचा ताळा घालायचा, कमी पडलेल्या आठ आण्यांसाठी माणसाला अर्धा तास उभं करायचं, हे त्यांचं काम. मात्र टेबलाला लागून खिडकी होती आणि खिडकीतून वर्कशॉप दिसायचं. नोकरीभर त्या खिडकीतून जेवढी विद्या आत आली, तेवढ्या भांडवलावर निवृत्तीनंतर अण्णांनी धंदा मांडला. धंदा म्हणजे फुकटचा. पैसे त्यांनी कुणाकडून घेतले नाहीत. चहा घेतात, आणि गिऱ्हाइकानं शेवटपर्यंत शेजारी उभं राहून "अस्सं?" म्हणत राहावं एवढी अपेक्षा ठेवतात.

हत्यारं डालड्याच्या जुन्या डब्यात. दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा पाना, एका बाजूनं बोथट झालेली पक्कड, कानस, पॉलिश पेपरचे तुकडे, आणि तळाशी अडीच-तीन पिढ्यांचे नट, बोल्ट, वॉशर, स्प्रिंगा. यातला प्रत्येक स्क्रू कुठल्यातरी वस्तूतून निघालेला आणि ती वस्तू पुन्हा जोडताना उरलेला. "कंपनी मुद्दाम चार स्क्रू जास्त लावती," हा अण्णांचा सिद्धान्त.

अण्णांची गाडी हिरो होंडा सीडी हंड्रेड. ही गाडी 1985 साली बाजारात आली तेव्हा गावागावांत राजदूत आणि येझदी धूर सोडत फिरत होत्या, पेट्रोलात ऑइल मिसळावं लागत होतं. त्या काळात या कंपनीनं जाहिरात केली की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. अण्णांनी झाकण लावलं आणि विसरूनही गेले, पण भरायचं काही त्यांना जमलं नाही. पंपावर गेले की "पन्नासचं टाक रे." पेट्रोलचा भाव वाढत गेला, अण्णांचे पन्नास वाढले नाहीत. 2021 साली मराठवाड्यात पेट्रोलनं शंभरी ओलांडली, पन्नासात अर्धा लिटरसुद्धा येईना, तरी अण्णांचा आकडा हलला नाही. टाकी गच्च भरलेली त्या गाडीनं एकदाच पाहिली असेल, तीही शोरूममधून निघताना.

सगळं रामायण इथून सुरू होतं. टाकीत पेट्रोल नसलं तर जागा रिकामी राहत नाही, हवा भरते. हवेसोबत दमटपणा आत येतो, रात्री पत्रा गार पडला की त्याचे थेंब होतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते खाली जातं आणि टाकीच्या सगळ्यांत खोल कोपऱ्यात, कॉकच्या शेजारी, मुक्काम ठोकतं. वरून गाडी उघड्यावर उभी, झाकणाचं रबर चिरलेलं, म्हणजे पावसाळ्याचाही थोडाफार हातभार. 2016 च्या एप्रिलात लातूरला प्यायला पाणी नव्हतं, मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं. अण्णांच्या टाकीच्या तळाला त्या उन्हाळ्यातही पाणी होतं.

आता त्यात इथेनॉलची भर पडली. पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की दोघं जोडीनं पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला जाऊन बसतात. अण्णांना हे कळलं तेव्हा त्यांनी ओट्यावर बसून निकाल दिला: "म्हंजे ऊस आपलाच, कारखाना आपलाच, अन् टाकी बी आपलीच सडवायची!" ऐकणाऱ्यांपैकी दोघांचा ऊस फडात तोडीवाचून उभा होता. त्यांनी विषय बदलला.

टाकी गळते हे पहिल्यांदा काकूंच्या लक्षात आलं. अंगणात पेट्रोलचा वास येत होता आणि देवघरातली एक वाटी सापडत नव्हती. दोन्हींचा उलगडा एकाच ठिकाणी झाला. वाटी गाडीखाली होती.

"आवं, देवाची वाटी हाय ती!"

"तूप असतंय त्यात. तूप बी तेलाचाच प्रकार," अण्णा म्हणाले. ते घड्याळ लावून थेंब मोजत होते. दहा सेकंदाला एक थेंब, म्हणजे मिनिटाला सहा, दिवसाला आठ हजार सहाशे चाळीस. हा आकडा त्यांनी जिभेवर इतका घोळवला की ऐकणाऱ्याला टाकी गळतेय की अण्णांच्या नावावर बँकेत ठेव वाढतेय, कळेना. दिवसभरात वाटीत पावशेराच्या आत-बाहेर पेट्रोल जमायचं. ते संध्याकाळी गाळून परत टाकीत ओतायचं, रात्री ते पुन्हा वाटीत. काकूंनी विचारलं, "मंग गाडी कवा चालवणार?" यावर अण्णांकडे आकडा नव्हता.

बातमी गल्लीत गेली आणि वैद्य जमले. रिक्षावाल्यानं सांगितलं, साबण चोळा. हा इलाज अडाणी वाटला तरी खरा आहे. कपड्याचा कोरडा साबण भोकावर घासून दाबला की गळती थांबते, कारण साबण पेट्रोलात विरघळत नाही. पाण्यात विरघळतो, म्हणून पहिल्या सरीपर्यंतच टिकतो. नांदेडला इंजिनीअर असलेल्या पुतण्यानं फोनवर सांगितलं, आतून लेप द्यायचं औषध मिळतं, मागवून देतो. "किती?" अण्णांनी विचारलं. त्यानं आकडा सांगितला. अण्णांनी फोन ठेवला नाही, पण विषय त्याच्या बाळाच्या दातांवर नेला. नवी टाकी घ्या, असं म्हणणारा एक निघालाच. त्याच्याकडे अण्णांनी असं पाहिलं, की तो घरी जाऊन जेवला सुद्धा नसेल.

रविवारी टाकी उतरवायचा मुहूर्त लागला. कॉक बंद, पाइप सुटा, सीट काढली, मागचा बोल्ट सैल केला आणि टाकी पुढच्या रबरातून मागं ओढून काढली. एवढं काम अण्णांनी खरोखर सफाईनं केलं. नातवाला काढलेला एकेक बोल्ट ताटात मांडायला बसवलं होतं. टाकी हातात आल्यावर त्यांनी झाकण उघडून बॅटरीचा झोत आत मारला. आमची डोकीही आत वाकली. तळाला लालसर गाळ, भिंतींवर पापुद्रे, आणि कडेला जिथं दोन पत्रे जोडलेत तिथं तर गंजाची पोळी धरलेली. "बाहेरून बघा कशी नवी कोरी हाय," अण्णा म्हणाले, आणि खरंच, बाहेरून त्यांनी ती टाकी रोज पुसलेली होती.

गंज काढायला आंबट लागतं. अण्णांचा पहिला कौल चिंचेला गेला. लातूरच्या बाजारात चिंचेची उलाढाल होते, काकूंच्या बरणीत वर्षाची चिंच होती, देवाची भांडी चिंचेनंच लखलखतात, मग टाकी का लखलखू नये? अर्धी बरणी कोळ करून आत गेली. चिंचेनं गंज सुटतो हे खरं, पण सावकाश सुटतो. दोन दिवसांत टाकीतून आमटीचा वास यायला लागला आणि चार चिंचोके आतच राहिले. मग अण्णा किराणा दुकानात जाऊन अर्धा किलो लिंबूसत्व मागायला लागले. दुकानदारानं विचारलं, "घरात लग्न काढलंव का अण्णा? सरबत किती माणसांचं?" गरम पाण्यात ते विरघळवून टाकीत ओतलं, आणि गंज खरवडायला म्हणून डब्यातले बारीक नट आत सोडले. तोंडाला फडकं बांधलं आणि गल्लीतल्या दोन पोरांनी टाकी पाळण्यागत हलवायला घेतली. खळखळ, खळखळ. दुपारची झोप गेली म्हणून शेजारच्या वाड्यातून निरोप आला. अण्णांनी उलटा निरोप पाठवला, "गंज सुटलालाय, थोडं सोसा."

रात्रभर मुरवून सकाळी टाकी उलटी केली. चहाच्या रंगाचं पाणी निघालं, चिखल निघाला, चिंचोके निघाले, नट निघाले. अण्णांनी ते गाळणीत घेऊन मोजले. आत टाकताना चाळीस होते, बाहेर एकोणचाळीस आले. इथं मात्र माणसातला हिशेबनीस जागा झाला. पुन्हा मोजले. नातवाचे खिसे तपासले. हलवणाऱ्या पोरांना बोलावून घेतलं. टाकी उलटीसुलटी करून कान लावला. गंज राहिला, गळती राहिली, संध्याकाळपर्यंत त्या एका नटाची चौकशी चालली. "ताळा जमल्याशिवाय म्या कधी आगार सोडलं नाही," असं म्हणत ते रात्री उशिरापर्यंत ओट्यावर बसून होते. काकूंनी शेवटी डब्यातला एक नट गुपचूप गाळणीत टाकला. "सापडला बगा, कोपऱ्यात होता." अण्णा जेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी आंबट मारायला खायच्या सोड्याचं पाणी आत गेलं. टाकीच्या तोंडातून फेस उसळला तेव्हा जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि अण्णांनी त्या स्वीकारल्या. मग धुणं. नळाला पाणी यायचा वार नव्हता, म्हणून भरून ठेवलेल्या ड्रमवर हात पडला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, बोलल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या म्हणजे तिसरी बादली घ्यायची नसते हे अण्णांना कळतं. धुतलेला कोरा पत्रा ओला राहिला तर तासाभरात पुन्हा तांबूस होतो, तेव्हा टाकी लगोलग पत्र्यावर उन्हात टाकली. वाळवायला हेअर ड्रायर वगैरे लागतो तो इतरांना. अहमदपूरच्या एप्रिलच्या उन्हाचं बिल येत नाही.

वाळल्यावर अण्णांनी टाकी उचलून सूर्याकडे धरली आणि झाकणातून आत डोळा लावला. बराच वेळ डोळा काढेनात. मग हळूच म्हणाले, "तारे दिसलालेत."

आधी एक भोक होतं, आता सात होती. इतकी वर्षं त्या टाकीला पत्र्यानं कमी आणि गंजानं जास्त सांभाळलं होतं. गंजानंच भोकं पाडली होती आणि गंजच ती बुजवून बसला होता. अण्णांनी तो इमानेइतबारे खरवडून काढला. गल्लीतल्या एकानं हे तोंडावर सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "रोग तर कळला? मिस्त्रीनं कळू दिला असता का?"

पुढची पायरी एम-सील. दोन रंगांच्या वड्या सारख्या घेऊन एकरंगी होईपर्यंत मळायच्या, पत्रा पॉलिश पेपरनं घासून कोरडा करायचा आणि मग दाबून लावायच्या, एवढा साधा नेम. अण्णांनी मळलं झकास. पण मधल्या काळात धीर न निघून "गळतंय का बघू" म्हणून त्यांनी ताज्या पेट्रोलची चूळ आत फिरवली होती. पेट्रोलनं ओशट झालेल्या पत्र्याला लेप धरेना. तो सकाळी अख्खा सुटून हातात आला, आतल्या बाजूला भोकाचा ठसा घेऊन. अण्णांनी तो ठसा सगळ्यांना दाखवला. अपयशातही त्यांना काहीतरी दाखवायला मिळतंच.

यानंतरचा प्रसंग हसण्यासारखा नाही, पण तो घडला. अण्णांनी डाख लावायचं ठरवलं. घरातली सोल्डरिंग गन रेडिओच्या तारेची, टाकीच्या पत्र्याला तिचा ताव पुरेना. मग त्यांची नजर स्वयंपाकघरातल्या शेगडीकडे वळली. "टाकी तर रिकामीच हाय," त्यांचं म्हणणं. तिथंच सगळी गफलत असते. काठोकाठ भरलेल्या टाकीत आत हवेला जागा नसते. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात, आणि हवेत शंभराला दीड ते साडेसात भाग वाफ झाली की ठिणगीचीच खोटी. त्या वाफेला पेटायला उन्हाळा लागत नाही, उणे चाळीस अंशातही ती पेटते. ती हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत सरपटत पार चुलीपर्यंत जाते. हे सगळं शास्त्र काकूंना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी सिलिंडरचा रेग्युलेटर काढला, पदराखाली घेतला आणि शेजारी जाऊन बसल्या. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. अण्णांनी पोहे भिजवून खाल्ले आणि संध्याकाळी टाकी गोणपाटात गुंडाळून निमूट नांदेड रोडच्या मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्री पोरसवदा होता. त्यानं टाकी हुंगली, पुन्हा सोड्याच्या पाण्यानं खंगाळली, काठोकाठ पाण्यानं भरली आणि जिथं काम करायचं ती बाजू वर येईल अशी तिरपी ठेवली, म्हणजे वाफेला बसायला आत जागाच उरली नाही. मग गॅसवर पितळ मारून एकेक भोक बुजवलं. अण्णा शेजारी उभे राहून "अस्सं?" म्हणत होते. मध्येच त्यांना राहवलं नाही. "आमच्या आगारात जरा वेगळं करायचे," ते म्हणाले. "काका, थोडं मागं सरा," मिस्त्री म्हणाला. अण्णा सरले. काम अर्ध्या तासात झालं.

गाडी जोडली. ताटातला एक वॉशर उरला, तो डब्यात गेला. टाकी गळत नव्हती. अण्णांनी वाटी रात्रभर खाली ठेवली आणि सकाळी कोरडी वाटी हातात घेऊन गल्लीभर दाखवत फिरले. "घरच्या घरी केली," ते सांगत होते. मिस्त्रीचा उल्लेख "शेवटचा हात तेवढा बाहेर फिरवला" एवढ्यावर आटोपला.

तीन-चार दिवसांनी ते मला हायवेवर, शिरूर ताजबंदच्या अलीकडे दिसले. गाडी स्टँडवर, रस्त्यावरून नांदेडचे ट्रक धडधडत जात होते आणि अण्णा मातीत फतकल मारून कार्बोरेटर उघडत होते. टाकीतला उरलासुरला गंज उतरून जेटमध्ये अडकला होता. कॉकच्या खाली दहा-वीस रुपयांचं फिल्टर बसवलं असतं तर ही वेळ आली नसती, पण फिल्टर विकत मिळतं, तेव्हा अण्णांनी ते घेतलं नव्हतं. मी गाडी थांबवून विचारलं, "काय करलालाव अण्णा? सोडू का गावात?" त्यांनी वर पाहिलं. तोंडावर ग्रीस, दातात जेट धरलेला, आणि चेहऱ्यावर सुख. "तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले, "मला जरा काम हाय."

खर्चाची वही त्यांनी ठेवली आहे. लिंबूसत्व, सोडा, एम-सील, मिस्त्री, असे चार आकडे आणि खाली बेरीज. काकूंची चिंच, गाळणी, नातवाचा टूथब्रश, ड्रमभर पाणी, दोन रविवार आणि एक उपास यांच्यापुढे "घरातलंच" असं लिहून शून्य मांडलंय. तरीसुद्धा बेरीज बरीच झाली, तेव्हा त्यांनी खाली एक ओळ वाढवली: "अनुभव जमा." मग ताळा जमला.

थट्टा पुष्कळ झाली, पण हेही सांगितलं पाहिजे. आमच्या गल्लीत कुकरचं हँडल, मिक्सरचं बटण, पोरांच्या सायकलीची चेन यांसाठी कुणी दुकान गाठत नाही. अण्णांनी हात लावलेल्या वस्तू पूर्ण बऱ्या होत नाहीत, पण त्या मरतही नाहीत. टकटक करत वर्षानुवर्षं चालतात. तुमच्याही गल्लीत असा कुणी असेलच. गाडीची टाकी गळायला लागली तर खुशाल त्याला हाक मारा. साबण चोळू द्या, लिंबूसत्व घालू द्या, नट मोजू द्या, चहा दोनदा करा. टाकी मात्र अधूनमधून भरत जा, खाली फिल्टर बसवा, आणि आगीचं काम निघालं की पाणी भरून काम करणाऱ्या मिस्त्रीकडे टाकी न्या. तोवर घरातला रेग्युलेटर आणि काडेपेटी कुणाच्या ताब्यात ठेवायची, ते तुमच्या घरातल्या काकूंना विचारा.